पाणी कोणत्या नदीचे? कैलासाभोवती लिहिलेली एक वही

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार पडते आणि ती कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांची एकत्र धार आहे, असे आपण श्रद्धेने मानतो. वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवीत असताना दरवर्षी नववीचा वर्ग घेऊन तिथे जात असे. दर्शन झाले की मुलांना डोंगराच्या कडेला नेऊन विचारत असे, की इथे पडलेला पावसाचा थेंब कोणत्या समुद्राला जाईल. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब सावित्रीतून कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो आणि चार पावले पूर्वेला पडलेला थेंब कृष्णेबरोबर अख्खे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो, हे मुलांना तिथे उभे राहून जितके चटकन कळे, तितके वर्गात कधीच कळत नसे. एका वर्षी परतीच्या वाटेवर एका मुलीने विचारले, "बाई, मानसरोवरातूनही अशाच चार नद्या निघतात ना?" शाळेच्या व्हरांड्यातील भिंतीवर माझ्या आधीच्या कुणा शिक्षकांनी तैलरंगात काढलेला नकाशा होता आणि त्यात मानसरोवराच्या निळ्या ठिपक्यातून चार निळ्या रेघा चार दिशांना गेलेल्या होत्या. मी "हो" म्हणाले. ते उत्तर पूर्ण खरे नाही, एवढे मला वाचनातून ठाऊक होते. पण खरे काय ते सांगण्याइतका तो प्रदेश माझ्या डोळ्यांसमोर उभा राहत नव्हता. त्या "हो"ची टोचणी बरीच वर्षे राहिली.

२०१४ साली, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, मी परराष्ट्र मंत्रालयाच्या कैलास-मानसरोवर यात्रेसाठी अर्ज केला. आदल्या वर्षी उत्तराखंडातील महापुरामुळे यात्रा जवळजवळ सुरुवातीलाच थांबली होती, त्यामुळे घरच्यांना काळजी होती. निवड संगणकीय सोडतीने होते. लिपुलेख मार्गाने प्रत्येकी साठ यात्रेकरूंच्या अठरा तुकड्या जाणार होत्या आणि त्यांतल्या एकीत माझे नाव आले. पुढचे दोन महिने मी पहाटे पांडवगडाच्या चढावर आणि पसरणी घाटात चालत राहिले, कारण उंची आणि वजनाचे गुणोत्तर पंचविसाच्या वर असेल तर वैद्यकीय तपासणीत नाव गळते आणि माझे ते थोडे वर होते. सामानात मी दोन वस्तू मुद्दाम घेतल्या. एक, शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापी, लोकरी मोज्यात गुंडाळून. आणि दुसरी, एक दोनशेपानी वही. वहीत मी चार रकाने आखले होते: ठिकाण, उंची, खडक आणि पाणी कोणत्या नदीचे. प्रत्येक मुक्कामी चारही रकाने भरायचे, असा माझा नेम ठरला होता.

दिल्लीतील तीन-चार दिवस तपासण्या, कागदपत्रे आणि सूचनांत गेले. हृदयाची ताण-चाचणी, फुप्फुसांची क्षमता, रक्तातील हिमोग्लोबिन, सगळे पाहतात. आणि हे पाहणे किती योग्य आहे ते पुढे खिंडीत कळते. तिथून काठगोदाम, अल्मोडा आणि मग धारचुला. धारचुल्याला काली नदी गावाला खेटून वाहते आणि झुलत्या पुलापलीकडे नेपाळ आहे. वहीच्या पहिल्या पानावर चौथ्या रकान्यात मी लिहिले, "काली, म्हणजेच शारदा, पुढे घागरेला, घागरेतून गंगेला."

धारचुल्याच्या वर तवाघाटला धौली कालीला मिळते आणि तिथून पुढे आमचा रस्ता दरीतून न जाता आधी वर चढून सिरखा, गाला अशा गावांतून गेला. गाल्यानंतर लखनपूरपर्यंत उतरणाऱ्या ४,४४४ पायऱ्या आहेत आणि त्या उतरताना गुडघ्यांना जे समजते ते कुठल्याही पुस्तकात नाही: काली इथे अक्षरशः फटीतून वाहते. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की आकाशाची पट्टी नदीच्या पात्राएवढीच रुंद दिसते. हा हिमालयाच्या मुख्य कण्याचा छेद आहे. नदी हिमालयाच्या पलीकडच्या अंगाने येते आणि पर्वत उंच होत असताना तिने आपली वाट खाली खाली कापत ठेवलेली आहे, म्हणून दरी इतकी खोल आणि उभी झाली आहे. माल्पा या ठिकाणी आम्ही थोडा वेळ न बोलता उभे राहिलो. १९९८च्या ऑगस्टमध्ये रात्री इथे डोंगर कोसळला आणि झोपेतली वस्ती त्याखाली गेली. दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत साठ यात्रेकरू होते. आमच्या घोडेवाल्याने तिथे टोपी काढून हात जोडले आणि मग म्हणाला, "माताजी, इथे थांबायचे नसते. वर बघत चालायचे." खरोखर वरून बारीक खडे सारखे घरंगळत होते.

बुधीच्या वर छियालेखची चढण आहे, आणि या चढणीबद्दल मला थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. खाली बुधीपर्यंत सगळे ओले होते, झाडोरा दाट होता, कड्यांवरून पाणी अंगावर येत होते. साधारण ३,३०० मीटरवरच्या छियालेखच्या माथ्यावर पोचलो, तर पुढे फुलांचे मोकळे कुरण आणि त्यापलीकडे रुंद, उघडी, कोरडी दरी. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्याही आत येतो. पर्जन्यछाया म्हणजे काय हे आमच्या मुलांना त्यामुळे जन्मतः ठाऊक असते. इथे मात्र तोच पडदा काही पावलांत उघडला. खडकही बदलले होते. खालचे स्फटिकी, चकाकणारे, घट्ट खडक मागे पडून पातळ थरांचे गाळाचे खडक दिसू लागले. एके काळी भारतीय भूखंडाच्या उत्तरेला पसरलेल्या टेथिस समुद्राच्या तळावर साठलेला हा गाळ आहे आणि या खडकांच्या एका मालिकेला भूशास्त्रज्ञांनी पुढच्याच गर्ब्यांग गावाचे नाव दिले आहे. खुद्द गर्ब्यांग खचत चालले आहे. कोरीव चौकटींची सुंदर लाकडी घरे कलली आहेत, काहींची जोती तुटली आहेत, तरी उन्हाळ्यात माणसे परत येऊन त्याच घरांत राहतात. व्यास खोऱ्यातील ही रं लोकांची गावे हिवाळ्यात धारचुल्याकडे उतरतात आणि पूर्वी तिबेटच्या मीठ-लोकरीच्या व्यापारावर जगत असत.

गुंजीला, सुमारे ३,२०० मीटरवर, दुसरी वैद्यकीय तपासणी होते. माझ्या खोलीतल्या सोलापूरच्या ताई, निवृत्त परिचारिका, माझ्यापेक्षा कितीतरी काटक होत्या. पण त्यांचा रक्तदाब उतरेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तरी उतरला नाही. त्यांना तिथूनच परतावे लागले. जाताना त्यांनी त्यांच्या पिशवीतली छोटी पितळी लोटी माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "बाई, एवढे पाणी आणाल का?" मी लोटी वहीसोबत पाठीवरच्या पिशवीत ठेवली. त्या दिवशी चुलीवरच्या उकळत्या पाण्यात मी तापमापी धरली, ती ८९ अंशांवर थांबली. कुटी यांक्ती आणि काली यांचा संगम गुंजीला आहे. चौथ्या रकान्यात अजून गंगाच होती.

पुढे कालापानीला मंदिराजवळच्या झऱ्याला कालीचा उगम मानतात. तिथे पारपत्रे तपासली गेली. नाभीढांगला ढगांमुळे ओम पर्वत दिसला नाही. रात्री दोनच्या सुमारास आम्ही निघालो. लिपुलेखची चढण मी आयुष्यात विसरणार नाही. अंधार, बोचरा वारा, पुढच्या माणसाच्या विजेरीचा हलता गोल, दहा पावले, थांबणे, दहा पावले. खिंड ५,००० मीटरच्या वर आहे. उजाडता उजाडता माथ्यावर पोचलो, समोरून आधीची तुकडी परत येत होती, रडवेल्या आनंदात अनोळखी माणसे एकमेकांना मिठी मारत होती, आणि घड्याळे अडीच तास पुढे करून आम्ही पलीकडे उतरलो. मला वाटत होते, की आता आपण हिमालय ओलांडला, गंगेचे खोरे संपले, आता चौथ्या रकान्यात दुसरे नाव येणार.

ते आले नाही. खिंडीपलीकडच्या तिबेटातल्या तकलाकोटला पोचल्यावर, डोके ठणकत असतानाही, मी सोबत आणलेला नकाशा पलंगावर पसरला आणि खिंडीतून खाली आलेला ओढा बोटाने पुढे नेला. तो तकलाकोटच्या नदीला मिळत होता, आणि तकलाकोटची नदी म्हणजे कर्नाली, तिबेटी लोकांची माप्चा खबब, मोराच्या मुखातून निघालेली. कर्नाली नेपाळात उतरते, पुढे घागरा होते, आणि त्याच घागरेला काली येऊन मिळते. म्हणजे ज्या खिंडीसाठी आम्ही रात्रभर झगडलो, तिच्या दोन्ही अंगांचे पाणी अखेर एकाच पात्रात जाते. देशाची सीमा तिथे होती. गंगेच्या खोऱ्याची नव्हती. हिमालय हा जलविभाजक आहे असे मी किती वर्षे फळ्यावर लिहीत आले होते! पण कर्नाली, सतलज, सिंधू, ब्रह्मपुत्रा या नद्या त्याच्या पाठीमागून निघतात आणि त्याला कापून इकडे येतात. पर्वताची सर्वांत उंच रांग आणि पाण्याची वाटणी करणारी रेषा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मी त्या रात्री प्रथम मनापासून मान्य केले.

तकलाकोटहून कैलासाच्या पायथ्याच्या दारचेनला जाताना बसने सुमारे एक तास चढ चढला असेल. चढ म्हणावा असा तो नव्हताच. उघड्या, पिवळसर माळावरून रस्ता सावकाश वर जात होता, उजवीकडे गुर्ला मांधात्याचे प्रचंड हिमाच्छादित घुमटाकार शरीर होते आणि निम्मी बस झोपलेली होती. एका जागी दगडांचे ढीग आणि फडफडणाऱ्या पताका आल्या. ही गुर्ला खिंड. तिच्यापुढे जमीन अलगद खाली झुकली आणि राक्षसतालाचे गडद निळे पाणी समोर आले. मी त्या पाण्याकडेच बघत राहिले. दारचेनला संध्याकाळी रकाने भरताना हात थांबला: गुर्ला खिंडीच्या दक्षिणेचे पाणी कर्नालीचे, म्हणजे गंगेचे, उत्तरेचे पाणी राक्षसतालाचे, आणि राक्षसताल सतलजच्या खोऱ्यातला. सतलज सिंधूला आणि सिंधू अरबी समुद्राला. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यामधली रेषा, जी मी तीस वर्षे मुलांना महाबळेश्वरच्या कड्यावर दाखवत आले, ती मी बसमध्ये बसून, नकळत ओलांडली होती.

दोन सरोवरांबद्दल जे पाहिले तेवढेच लिहिते. मानसरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटरवर आहे, क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस किलोमीटर, आकार बराचसा गोल, पाणी गोडे. राक्षसताल त्याच्या पश्चिमेला, सुमारे पंधरा मीटर खाली, आकार वेडावाकडा, पाणी किंचित खारट. दोघांच्या मधे अरुंद टेकाडांचा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यातून च्यू मठाजवळून सुमारे दहा किलोमीटरचा एक प्रवाहमार्ग जातो, त्याचे नाव गंगा छू. मानसरोवर भरले की त्याचे जादा पाणी या वाटेने राक्षसतालात जाते. आमची बस तिथे थांबली तेव्हा पात्रात वाहते पाणी नव्हते. वाळूत साचलेली डबकी आणि काठांवर पांढरा क्षार होता. राक्षसतालाच्या वायव्य कोपऱ्यातूनही एक कोरडे पात्र सतलजकडे जाते. म्हणजे मानसरोवरातून बाहेर पडणारा जमिनीवरचा एकच मार्ग आहे, आणि तोही बहुधा कोरडा. बाकीच्या नद्यांचे उगम सरोवराच्या आसपास, शंभरेक किलोमीटरच्या टापूत, पण वेगवेगळ्या डोंगरांत आहेत: सिंधू कैलासाच्या उत्तरेला, ब्रह्मपुत्रा आग्नेयेकडच्या हिमनद्यांतून, कर्नाली नैर्ऋत्येला, सतलज पश्चिमेला. तिबेटी परंपरेत त्या सिंहमुख, अश्वमुख, मयूरमुख आणि गजमुख अशा चार मुखांतून निघतात. मी हे मुद्दाम लिहिते, कारण या परंपरेला चूक म्हणणे मला बरोबर वाटत नाही. चार महानद्या एका लहानशा प्रदेशातून चार दिशांना जातात, हे निरीक्षण कोणत्याही नकाशाच्या आधी इथल्या माणसांनी केलेले आहे, आणि ते खरे आहे.

कैलास प्रथम दिसला तो बर्खाच्या मैदानापलीकडे. गुर्ला मांधाता ७,६९४ मीटर उंच आहे आणि कैलास ६,६३८ मीटर. जुन्या पुस्तकांत ६,७१४ हा आकडाही सापडतो. तरीही नजर गुर्लावरून सरकून कैलासावर जाते, कारण त्याच्या आजूबाजूला त्याच्या तोलाचे दुसरे काही नाही. तो हिमालयात नाहीच. हिमालयाच्या पलीकडे, त्याला समांतर धावणाऱ्या गंगदिसे रांगेत तो आहे, आणि दोन रांगांच्या मधल्या सखल पट्ट्यात भारतीय भूपट्ट आणि आशियाचा भूपट्ट यांचा सांधा आहे. राक्षसतालाच्या दक्षिणेच्या डोंगरांत तर पूर्वीच्या महासागराच्या तळाचे खडक वर उचलले गेलेले आहेत. स्वित्झर्लंडचे भूशास्त्रज्ञ ऑगुस्तो गान्सर १९३६ साली यात्रेकरूच्या वेशात इथे आले, परिक्रमा करता करता त्यांनी खडकांचे नमुने गोळा केले, आणि या सांध्याची ओळख जगाला होण्यात त्यांच्या त्या कामाचा मोठा वाटा आहे. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते. खडक पाहण्यासाठी का होईना, त्यांनी परिक्रमा पायीच केली.

परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची, तीन दिवसांची. दारचेनहून यमद्वारापर्यंत बसने गेलो आणि तिथून ल्हा छू नदीच्या काठाने उत्तरेकडे चालू लागलो. दरी रुंद आणि सपाट तळाची आहे, दोन्ही बाजूंचे कडे उभे आहेत. हिमनदीने कोरलेली दरी कशी दिसते ते इथे पाहावे. पण मला थांबायला लावले ते कड्यांच्या रेषांनी. तांबूस-करड्या खडकाचे आडवे थर, एकावर एक, पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले, आणि प्रत्येक पायरीवर बर्फाची पट्टी. मी सह्याद्रीत वाढलेली बाई. आडव्या थरांचा डोंगर पाहिला की मला पहिल्याने लाव्हाच आठवतो. पांडवगडाच्या कड्यावर, पसरणी घाटात, सगळीकडे हेच टप्पे आहेत. जवळ जाऊन खडकाला हात लावला तर तो वेगळाच निघाला. त्यात नारळाएवढे, लिंबाएवढे, सुपारीएवढे गुळगुळीत गोटे गच्च बसवलेले होते. हा पिंडाश्म, म्हणजे नद्यांनी वाहून आणलेले गोटे आणि वाळू साठून एकजीव झालेला खडक. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाच्या रूपाने वाहत आला; कैलासाचा खडक सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी नद्यांच्या पाण्याने थरावर थर रचला. आज ज्याच्या माथ्यावर कुणी पाऊल ठेवलेले नाही तो पर्वत एके काळी नदीचा तळ होता, हे वाक्य मी वहीत लिहिले तेव्हा बोटे गारठून अक्षर वाकडे आले आहे. हे थर नंतर उचलले गेले, पण फारसे वाकले नाहीत, दुमडले नाहीत, म्हणून तो आकार इतका रेखीव राहिला. दक्षिणेच्या अंगावर या आडव्या पट्ट्यांना छेदणारी एक उभी घळ आहे आणि तिच्यामुळे स्वस्तिकासारखी खूण दिसते, ती मी दारचेनच्या वाटेवर पाहिली होती.

दिरापुकचा मुक्काम सुमारे ५,००० मीटरवर, उत्तर मुखासमोर. संध्याकाळी ढग बाजूला झाले आणि दोन टेकड्यांच्या मधून ती सरळ, उभी, काळीपांढरी भिंत पूर्ण दिसली. मंडळी आरती म्हणू लागली. मीही म्हटली, माझा आवाज फुटत नव्हता. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उकळत्या पाण्यात तापमापी धरली, ८३ अंश. भात का शिजत नाही हे आचाऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही. इथे पायाखालचा खडकही पालटला होता. गोट्यांचे थर वर राहिले होते आणि त्यांच्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडला होता. ज्या पायावर नद्यांनी गोटे रचले तो हा पाया. मठामागून एक दरी उत्तरेला चढत गेली होती. त्या बाजूच्या खिंडींपलीकडे सिंधूचे खोरे आहे. तिकडे जायची आम्हाला परवानगी नव्हती आणि अंगात बळही नव्हते, पण वहीत मी त्या दरीचे चित्र काढून बाण दाखवला.

दुसऱ्या दिवशी डोल्मा खिंड. सुमारे ५,६३० मीटर. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्मीच हवा. ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांमधून, हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांवरून वाट वर जाते. मी सोबतचे घोडे सोडून चालत गेले, कारण खडक पाहायचा होता. शेवटच्या अर्ध्या तासात खडकाचे भान मुळीच उरले नाही, पायातल्या बुटांकडे पाहून पाऊल टाकत राहिले. माझे सामान वाहणारा तिबेटी मुलगा मी थांबले की थांबे, निघाले की निघे. आम्हाला एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. माथ्यावरच्या ताराशिळेला त्याने कपाळ टेकवले, मी हळदकुंकू वाहिले. मग उतरताना उजव्या हाताला खोल खाली गौरीकुंड दिसले, बर्फाच्या कडांमधले हिरवट पाणी, आणि पुढे गुडघेमोड उतार.

झुतुलपुकच्या मुक्कामी रकाना भरताना मला लिपुलेखचीच गोष्ट पुन्हा भेटली. डोल्माच्या पश्चिमेचे पाणी ल्हा छूला जाते, पूर्वेचे झोंग छूला. आणि या दोन्ही नद्या कैलासाला दोन हातांनी कवेत घेऊन दक्षिणेला बर्खाच्या मैदानात उतरतात व राक्षसतालाकडे जातात. परिक्रमेतली सर्वांत उंच खिंड कोणत्याही दोन महानद्यांना वेगळे करत नाही. माझ्या वहीत आता तीन खिंडी होत्या: लिपुलेख, जिथे जीव कंठाशी आला, डोल्मा, जिथे श्वास पुरेना, आणि गुर्ला, जिथे मी खिडकीला टेकून बसले होते. त्यांतली खरी मोठी वाटणी फक्त तिसरीवर होती. उंची आणि जलविभाजन यांचा असा सरळ संबंध मी इतकी वर्षे गृहीत धरला होता, की तो तपासावा असे कधी सुचलेच नव्हते.

परिक्रमेनंतर दोन रात्री मानसरोवराच्या दक्षिण काठावर छुगूला राहिलो. शेजारीच ठुगोल्हो मठ आहे. स्वामी प्रणवानंद १९३६-३७ साली वर्षभर याच मठात राहिले होते. सरोवर कसे गोठते, कसे फुटते हे त्यांनी रोज पाहून नोंदवले आणि चारही नद्यांच्या उगमांपर्यंत ते स्वतः चालत गेले. पहाटे अंघोळीला पाण्यात उतरले तेव्हा थंडीने कळ मस्तकात गेली. सोलापूरच्या ताईंची लोटी भरून घेतली, तिचे तोंड मेणाने बंद केले. मागे गुर्ला मांधाता, पुढे पाण्यापलीकडे कैलास, दोन्ही एकाच वेळी दिसत होते, आणि त्यांच्यामधल्या या पाण्याच्या तबकातून बाहेर पडणारी वाट केवळ ती एक, डबक्यांनी भरलेली. मी दिवसभर काठाने चालत राहिले आणि सरोवरात येणारे लहान ओढे मोजले. बरेच येतात.

परतताना गुर्ला खिंडीत बस थांबली, कारण तिथून कैलासाचे शेवटचे दर्शन होते. सगळे उत्तरेकडे हात जोडून उभे राहिले. मीही नमस्कार केला आणि मग दगडांच्या ढिगाऱ्यापाशी, जिथे उतार दोन्हीकडे फिरतो, तिथे पाय रोवून थोडा वेळ उभी राहिले. या खेपेला ती खिंड नकळत मागे पडली नाही.

शाळेत परतल्यावर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन व्हरांड्यातला नकाशा दुरुस्त केला. जुन्या चार रेघा पांढऱ्या रंगाने झाकल्या, उगम त्यांच्या जागी काढले, गुर्ला खिंडीतून जाणारा जलविभाजक तांबड्या रंगाने रेखला. मानसरोवराचा ठिपका आता एकटाच राहिला होता. नववीची एक मुलगी बराच वेळ पाहत होती. "बाई, मग मानसरोवरातून काहीच निघत नाही का?" तिने विचारले. मी बारीक कुंचला घेतला आणि दोन ठिपक्यांच्या मधे गंगा छूची अगदी लहान रेघ काढली, तुटक.